पोखर्णीवाली बाद

बाई बसलेल्या मी कदी बगितल्याच न्हाईत. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली असायची, पन तिच्यावर त्यांची पिशवी बसायची आन बाई खुर्चीभवती फिरायच्या. पोहे खायच्या ते चालत, चहा प्यायच्या तो चालत, आन कोनाशी बोलायचं म्हनलं की त्यालाबी चालायला लावायच्या. निम्मं सेलू बाईमुळं बारीक झालं आसं मी म्हनायचो. मी न्हाई झालो. मी बाईच्या मागं पळायचो, आन पळून आलो की वडे खायचो.

शेवटच्या दुखन्यात त्यांना परभणीला दवाखान्यात ठेवलं व्हतं. मी भेटायला गेलो तर पलंग रिकामा. चादर नीट घडी केलेली. मी तिथंच मोठ्यानं रडाया लागलो. मोठ्यानं म्हंजी माझ्या आवाजात. तीन वार्डातले लोक जमा झाले. शेजारच्या पलंगावरची म्हातारी म्हनली, "आरं बाबा, गप. तुझ्या बाई सलाइनची बाटली हातात घेऊन खाली गेल्यात. वाचमनच्या पोरीला नाच येतो म्हनं, तो बगायला."

तर आशा व्हत्या आमच्या बाई. सेलूच्या मुलींच्या शाळेत कवायतीच्या बाई व्हत्या. रिटायर झाल्या तरी सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आन गळ्यात शिट्टी. सुराचं आन त्यांचं काय नातं न्हाई. आरती म्हनायला लागल्या तर देव दुसरीकडं बगायचा. पन दर उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की जिल्ह्यातल्या पोरापोरींची कलेची स्पर्धा घ्यायच्या त्या ह्याच. गानं, नाच, वाजवनं, नकला, सगळं. लोक इचारायचे, "बाई, तुमाला गान्यातलं काय कळतंय?"

"गाणं कळत नाही," बाई म्हनायच्या, "गडबड कळती. गाणारे लय आहेत. गडबड सांभाळणारं कोण आहे?"

मला त्यांनी रस्त्यातून उचललं. आटोवर भोंगा लावून मी गावभर वरडत फिरायचो. चादरीचा सेल, हरवलेली म्हैस, कोन वारलं तर त्याची वेळ. शाळेचं म्हनाल तर पहिलीत मी इतकी वर्षं काढली की नवीन मास्तर मला शिपाई समजून पानी आनायला सांगायचे. आनायचोबी. एक दिवस बाई आटोच्या म्होरं येऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, माझं तोंड माइकवर आपटलं, ते आख्ख्या मोंढ्यानं ऐकलं.

"आवाज तुझाच का?"

"हौ बाई."

"वाचता येतं?"

"आवाज मोठा हाय बाई."

"मी वाचता येतं का विचारलं."

"म्हनूनच तर आवाज मोठा हाय."

बाई हसल्या न्हाईत. "उद्यापासून ये," म्हनल्या आन चालाया लागल्या. त्या दिवसापासून माझं नाव भोंग्या. बायकोबी भोंग्याच म्हनती आता.

मला वाचाया येत न्हाई म्हनून बाईनं माझ्या बाजूला, पडद्याच्या आड, चाचाला बसवलं. चाचा तबल्यावर, बोलायचे ते दखनी हिंदीत. ज्या पोरांकडं वाजवनारा नसायचा त्यांच्या मागं चाचा वाजवायचे, आन मधल्या येळात कागद बगून मला हळूच नाव सांगायचे. मी ते माइकवर फोडायचो. म्हंजी डोळे चाचाचे, डोकं बाईचं आन तोंड माझं. तिघं मिळून एक निवेदक. त्यातला सगळ्यात कमी भरवशाचा माल लोकांना ऐकू यायचा.

तुमाला वाटत आसंल स्पर्धा म्हंजी पडदा उघडला, पोरगं नाचलं, टाळ्या पडल्या, कप दिला. खोटं हाय ते. स्पर्धा म्हंजी पेनड्राइव्ह. पोरगी पाय पुढं टाकून उभी आन पेनड्राइव्हमदून गान्याच्या जागी कोनाच्या तरी मामाच्या लग्नाची हळद वाजायली. स्पर्धा म्हंजी पालमची एसटी. आठ जनांचा नाच हाय म्हनून नाव दिलेलं आन गाडीतून उतरले पाच, बाकीचे गंगाखेडलाच राहिले. एकदा आसंच झालं तर बाईनं मलाच ढकललं. कोळीन केलं मला. मी बरा नाचलो. परीक्षकबी मान हलवायलते. पन मदीच माझं लुगडं सुटलं, आन आतमदी मी पट्ट्यापट्ट्याची चड्डी घातलेली. पालमला आजूनबी मला कोनी नावानं वळखत न्हाई, चड्डीनं वळखतेत.

आन आया. पोरगी स्टेजवर नाचायली की आई खाली नाचायली. "हात वर! हस! आगं हस की!" पोरगी नाचंल का आईकडं बगंल? बाईनं त्याला इलाज काढला. ज्या पोराची पाळी आली त्याच्या आईला बरोबर त्याच टायमाला बोलवायचं आन हातात नारळ द्यायचा. "ताई, पाव्हण्यांसाठी एवढा सोलून द्या." आई बिचारी मागं बसून नारळ सोलायली, हिकडं पोरगं मोकळं नाचून उतरायलं. एका आईच्या ध्यानात आलं. भांडायला आली, "माझ्याच पोराच्या येळंला नारळ कामून?" बाई म्हनल्या, "बरोबर आहे तुमचं. सगळ्यांच्याच वेळंला असतो." आन दुसरा नारळ दिला.

येळ संपली की शिट्टी. गानारं कितीबी रंगात असू द्या. एक पोरगं आईच्या आठवनीचं गानं म्हनत खरंच रडायलतं, सगळा हॉल डोळे पुसायलता, आन फुर्रर्र! शिट्टीनंतर जो थांबला न्हाई तो बाद. नाव पुकारल्यावर जो आला न्हाई तो बाद. आन ते "बाद" म्हनायचं काम माझं. खोटं कशाला बोलू, मला त्याची चव लागली व्हती. आयुष्यात मला सगळ्यांनी बाद केलेलं. मी लांबवून म्हनायचो, "बाऽऽद!"

एका साली बाईनं पुढाऱ्याच्या भाषनाला शिट्टी मारली. भाषन थांबलं. पुढारी थांबले. फुडच्या साली त्यांच्याकडून यायचा तो मांडवबी थांबला. मंग बाईनं जिनिंगच्या मालकाला धरलं. उन्हाळ्यात कापसाचं काम बंद असतं, शेड रिकामी पडलेली. पत्र्याची शेड, म्होरं स्टेज, आन वरून कापसाची बोंदरं, पुंजके, तरंगत यायली. गानारं पोरगं आऽ करायला तोंड उघडायचं, बोंदूर आत. त्या साली निम्मी गानी खोकल्यात गेली.

ती पोखर्णीची पोरगी त्याच साली आली.

सकाळी सकाळी तिचा बाप गोधडीत गुंडाळलेला पखवाज पोटाशी धरून उभा. जसं काय लेकरू दवाखान्यात आनलंय. मागं पोरगी, सतरा-अठराची. त्यांच्या मागं गावच्या भजनी मंडळाचे बुवा आन दोघं-चौघं टोपीवाले. बाप बाईला बाजूला घेऊन सांगाया लागला. म्हंजी बाई चालायल्या आन बाप पखवाज घेऊन त्यांच्या मागं पळत सांगायला.

"बाई, नरसिंहाच्या सप्त्याला आमच्या म्हाताऱ्यानं जलमभर पखवाज वाजविला. आता हात थरथरायलेत त्येचे. सगळं हिला शिकविलंय. पन पोरगी पखवाजावर बसायची म्हनलं की मंडळात कुनकुन व्हायली. बुवा म्हनले, चारचौघांत स्टेजवर वाजवू दे, नंबर काढू दे, मंग सप्त्याचं बगू. आठ दिसावर सप्ता आलाय."

"बुवा आलेत ना ऐकायला?"

"ते नंबर येत न्हाई ते बगायला आलेत बाई."

बाईनं मागं वळून बुवाकडं बगितलं, पोरीकडं बगितलं. "वाजव," म्हनल्या. आन निघाल्या, कारन तिकडं जनरेटर धूर सोडायलता.

आता पखवाजाचं एक हाय. त्याच्या उजव्या तोंडाला शाई असती, पन डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी ओली कनीक थापावी लागती. त्याबिगर धूम निघत न्हाई, नुसतं टप्प वाजतं. उनाचा कहर, वर पत्रा. पोरीनं लावलेली कनीक वाळायली, ती काढायची आन परत लावायची. तिची पाळी आली तवा तिचे दोन्ही हात कनकीत. चाचानं ते बगितलं आन पडद्याआड मला सांगितलं, "मियाँ, पोखर्णीवाली बाद. कणीक लगारी अबी."

त्याच टायमाला मागं एका आईच्या हातून नारळ फुटला. मला ऐकू आलं ते एवढंच, पोखर्णीवाली बाद.

मी माइक तोंडाशी घेतला, छाती भरून घेतली आन म्हनलो, "पोखर्णीची पखवाजवाली मुलगी... बाऽऽद!" आन लागलीच फुडचं नाव पुकारलं. नाच सुरू झाला, गानं एवढं मोठं की पत्रा थरथरायला.

चाचानं कपाळाला हात मारला. "अरे क्या बोल्या रे तू!"

"तुमीच म्हनले की. बाद."

"अरे बाद! बाद में! पीछे से!"

"मी बी बादच म्हनलो चाचा."

"वो बाद नक्को रे भोंगे! ये बाद!"

आता दोन्ही बाद माझ्या कानाला सारखेच. हे बाद आन ते बाद करंस्तोर नाच संपला. माइकवर चूक दुरुस्त करावी म्हनून मी पडदा बाजूला केला, तर पोखर्णीची मानसं बसल्या जागी न्हाईत. बुवा उठले तसे सगळे उठले म्हनं. जाता जाता बुवा बापाला म्हनले, "झालं ना समाधान? चल, गाडी गाठू."

तेवढ्यात बाई जनरेटरपासून आल्या. हाताला काळं ऑइल. "पखवाज झाला?"

मी चाचाच्या आड सरकलो. मंग चाचानं सांगितलं. मला वाटलं आता शिट्टी न्हाई, बूट बसतो. बाईनं फक्त माझ्याकडं बगितलं आन म्हनल्या, "चल."

"कुठं बाई?"

"ज्यानं बाद केली त्यानंच आणायची. चाचा, स्टेज रिकामं ठेवू नका."

"हौ बाईजी, बजाता बैठतूं," म्हनून चाचा तबला घेऊन स्टेजवर चढले.

जिनिंगपासून स्टँड म्हंजी लांब न्हाई, पन बाईच्या मागं गेलं की लांब व्हतं. माझी चप्पल तुटली. एक पाय अनवानी, डांबर तापलेलं, मी लंगडी घालत पळायलतो. दुकानातून लोक इचारायले, "भोंग्या, काय हरवलं रे?" मी म्हनलो, "अक्कल." "ती कवा व्हती?" म्हनले.

स्टँडवर परभणीची गाडी उभी व्हती, कंडक्टर चहा पीत व्हता. गाडीच्या सावलीत पोखर्णीची मानसं. बापानं पखवाजाची कनीक चमच्यानं खरडून काढलेली, आन स्टँडवरची शेळी ती खायलती. पोरगी शेळीकडं बगत बसलेली. रडत न्हवती. ते जास्त वाईट वाटलं.

बाई थेट बुवाजवळ. "बुवा, चूक झाली. मुलगी बाद नाही. चला."

बुवा लय शांत मानूस. सुपारी कातरत म्हनले, "बाई, आमी काय म्हनलो का? देवाची मर्जी. माइकवर जाहीर झालं, दुनियानं ऐकलं."

"माइकवर हा होता."

बुवानं मला वरून खालपस्तोर बगितलं. अनवानी पायावर नजर थांबली. "ह्यो? ह्यो तर चादरीवाला हाय."

"हौ बुवा," मी म्हनलो. "मागं तुमच्या गावात चादरी इकायला आलतो. भोंग्यावर सांगितलं व्हतं, रंग जानार न्हाई."

"गेला की रे! माझं धोतर लाल झालं, आख्ख्या घराचे कपडे लाल झाले!"

"तेच सांगायलोय बुवा. माझ्या बोलन्यावर जाऊ नका."

टोपीवाले हसले. बाप हसला. पोरीच्या तोंडावरबी जरा हललं काहीतरी. बुवा मातर न्हाई हसले. "हसन्याचं राहू द्या. आता परत चढवली तर लोक म्हनतील बाईनं वशिल्यानं चढवली. आन नंबरबी मिळाला तरी तो खरा कोन म्हनंल? सप्त्याचं काम हाय, पोरखेळ न्हाई. गाडी सुटायली."

त्यात खोट न्हवती. मीच त्यांच्या हातात दिलेला दोर व्हता तो.

बाई पोरीकडं वळल्या. "तुला वाजवायचंय का?"

पोरीनं बापाकडं बगितलं, बुवाकडं बगितलं, मंग शेळीकडं. "कनीक काढली, बाई."

न्हाई म्हनली न्हाई ती. मला काय कळलं न्हाई, बाईला कळलं. बाई वळल्या त्या स्टँडवरच्या हॉटेलात. पुऱ्या लाटनाऱ्याच्या म्होरच्या परातीतून कनकीचा गोळा उचलला. तो "ओ मावशी, ओ!" म्हनायला, बाई बाहेर. पोरीच्या हातावर गोळा ठेवला. पोरीनं तो दाबला, नाकाशी नेला.

"ह्यात तेल हाय बाई. मीठबी. टिकायची न्हाई."

"किती वेळ टिकंल?"

"काय सांगावं."

"मग?"

पोरगी उठली. "लावते," म्हनली. बाप पखवाज उचलून निघालाच.

राहिले बुवा. त्यांना न्हेलं न्हाई तर वाजवून काय उपेग? आन बुवा गाडीच्या पायरीवर पाय ठेवून उभे. बाईनं काय केलं, बुवाची पायाजवळची पिशवी उचलली आन चालाया लागल्या. आर्जव न्हाई, भांडन न्हाई. नुसती पिशवी.

"आवो बाई! माझी पिशवी! बीपीच्या गोळ्या हायेत तिच्यात!"

"मग तर तुम्हाला यावंच लागंल," बाई मागं न बगता म्हनल्या.

सेलूच्या बाजारातून आमची वरात निघाली. म्होरं पिशवी घेऊन बाई, मागं कनीक घेऊन पोरगी, मंग पखवाज, मंग "थांबा! थांबा!" करत बुवा आन त्यांचे टोपीवाले, आन सगळ्यात मागं एका चपलेवर मी. एक दुकानदार बाईनं पिशवी पळवली आसंच समजून पोलिसाला फोन लावायचा म्हनला. मी म्हनलो, लावू नका, बाई आत गेल्या तर परत आटोवर वरडत फिरावं लागंल मला.

शेडमदी चाचा आजून वाजवायलते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. बाईनं परीक्षकांना सगळं सांगितलं. त्यातले एक शिकलेले परीक्षक म्हनले, "बाई, नियम तुमचाच आहे. नाव पुकारलं, बाद झाली. आता स्पर्धेत घेतली तर बाकीच्यांवर अन्याय." बाई क्षनभर थांबल्या. थांबल्या म्हंजी एका जागी उभ्या राहिल्या; तेवढं मी बगितलं. मंग म्हनल्या, "बरोबर. नंबर नको. स्पर्धेबाहेर वाजवील."

बुवानं ऐकलं. घाम पुसत म्होरच्या खुर्चीत बसले आन पिशवी मांडीवर घट्ट धरली. नंबर न्हाई म्हंजी त्यांचं काम झालं व्हतं. आता ऐकलं काय आन न ऐकलं काय.

पोरगी बसली. मी माइक पखवाजाम्होरं धरून उकिडवा. सुरुवात तिनं हळू केली. मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई, पन आया नारळ हातात धरून तशाच बसल्या. मंग तिनं चाल वाढवली. डाव्या हाताची धूम पत्र्याला जाऊन लागायली आन वरची बोंदरं खाली यायली. आन तेवढ्यात ती तेलाची कनीक घसराया लागली. आधी धूमचं धप्प झालं. मंग टप्प. मंग गोळाच सुटला आन स्टेजवर पडला.

पोरगी थांबली न्हाई. उजवा हात चालूच. डावा मांडीवर नुसता मोजत. एका पायावर चालनाऱ्या मानसासारखं वाजायलं, पन मोडलं न्हाई. मी म्होरं बगितलं तर बुवाचं बोट पिशवीवर आपटायलतं. जिथं धूम पाहिजे बरोबर तिथं. एकदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडातून "छ्याः" निघालं. पिशवी खाली टाकून बुवा उठले, चपला काढल्या, स्टेजवर आले. कनकीचा गोळा उचलला. उपरन्यानं पखवाजाचं तोंड कोरडं पुसलं, गोळ्यातलं तेल उपरन्यात दाबून काढलं, आंगठ्यानं मळला. हे सगळं पोरगी उजव्या हातानं वाजवत असताना. तिनं त्यांच्याकडं बगितलंबी न्हाई. बुवानं गोळा थापला, कडा दाबल्या, हात काढला. पोरीचा डावा हात खाली आला.

धूम!

माझ्या पोटात वाजलं ते. बुवा तिच्या शेजारीच बसून राहिले, सम आली की मान टाकायले. संपलं तवा टाळ्या. उठता उठता बुवा हातावरची कनीक झाडत पोरीला चिडूनच म्हनले, "कुनाची कनीक लावत असतेत का आशी? सप्त्याला येताना घरून मळून आन. घट्ट. आन तेलाचा हात न्हाई लावायचा."

बाप खाली उभा व्हता. त्याला ऐकू गेलं न्हाई. मला गेलं, मी हातभर अंतरावर. सप्त्याला येताना! माइक हातातच व्हता. मी छाती भरून घेतली.

मागून बाईनं माझं मनगट धरलं. हाताचं ऑइल माझ्या सदऱ्याला लागलं.

"हे माइकवर नाही सांगायचं."

"आवो बाई, पन बुवाच म्हनले की..."

"म्हणूनच. तू जाहीर केलंस तर मंडळ त्यांना विचारंल. मग ते म्हणतील मी तसं म्हणलोच नाही. पोरीनं ऐकलंय, तेवढं पुरे. तोंड मीट."

मी तोंड मिटलं. जलमात पयल्यांदा माइक हातात आन मी गप. शेड वाट बगायली, परीक्षक बगायले, चाचा बगायले. पोरगी पखवाजावरची कनीक हळूहळू काढायलती आन आंगठ्यानं दाबून बगायलती.

तेवढ्यात मागून कोनतरी वरडलं, "लाइट गेली काय रे?"